कुरआन बरोबर उच्चारात वाचायला शिकायचंय : मराठवाड्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

परभणी, जालना, बीड, नांदेड कुठंही जा, तजवीद (कुरआन बरोबर उच्चारात वाचायचे नियम) म्हटलं की लोकांचे प्रश्न जवळपास तेच असतात. जे मराठी शाळेत शिकले, घरात दखनी बोलतात आणि ज्यांची अरबीशी ओळख फक्त नमाजपुरती आहे त्यांच्यासाठी हे लिहिलंय. अरबी अक्षरं इथं मराठीत लिहावी लागतायत, म्हणून क़ ख़ ग़ ज़ खाली टिंब दिलंय, पण ते फक्त कुठल्या अक्षराबद्दल बोलायलोय ते कळायला, त्याच्यावरून उच्चार शिकायचा नाही.

मी मराठी मीडियमचा आहे, उर्दू वाचता येत नाही. आधी उर्दू शिकावी लागेल का?

नाही. उर्दू आली तर चांगलंच, पण तजवीदला ती लागत नाही. आपल्याकडं हा घोळ होण्याचं कारण जुनं आहे, १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, शाळा-कचेऱ्या उर्दूत होत्या, त्यामुळं आजोबांच्या पिढीला (त्यात हिंदू घरातले म्हातारेही आले) ती लिपी सरसकट यायची, आणि ज्याला लिपी येते तो अरबीही वाचतो असं धरून चालायचे. नंतरच्या पिढ्या मराठीत शिकल्या. पण उर्दू येणाऱ्याचा उच्चार बरोबरच असतो असं अजिबात नाही, उलट उर्दूत से, सीन, स्वाद तिन्ही अक्षरांचा 'स' होतो आणि ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय चारींचा 'ज़', आणि ही सवय मोडायला उर्दूवाल्याला जास्त मेहनत पडते. तुमची पाटी कोरी आहे, हे चांगलंच आहे. कायद्यात (अक्षर-ओळखीच्या पहिल्या पुस्तकात) अक्षरांची नावं बे, ते, से अशी उर्दूतली न शिकता बा, ता, सा अशी अरबीतलीच शिका.

मराठी अक्षरातला कुरआन मिळतो, तो वाचला तर काय बिघडतं?

एक उदाहरण बघा. कुरआनमध्ये 'अलीम' असा शब्द कितीतरी ठिकाणी येतो. एक ऐनने आहे, त्याचा अर्थ सगळं जाणणारा, हे अल्लाहचं नाव आहे. दुसरा हमज़ाने आहे, त्याचा अर्थ यातना देणारा, तो अज़ाबच्या सोबत येतो. मराठीत दोन्ही एकच, अलीम. वाचणाऱ्याला कळणारच नाही आपण काय म्हणायलोय. तसंच 'असा' सीनने म्हणजे कदाचित, स्वादने म्हणजे नाफरमानी केली. क़ाफने 'क़ुल' म्हणजे सांग, काफने 'कुल' म्हणजे खा. आता सूरह इख्लासची सुरुवात 'क़ुल'नंच होते ते आठवा.

अरबीत २८ अक्षरं आहेत (हमज़ा वेगळा धरला तर २९) आणि त्यातल्या बऱ्याच अक्षरांना मराठीत घरच नाही, टिंबं देऊन-देऊन तरी किती देणार. बहुतेक उलमा पूर्ण कुरआन दुसऱ्या लिपीत लिहिण्याच्या विरोधात आहेत आणि मला ते शंभर टक्के पटतं. अर्थ समजून घ्यायला मराठी तर्जुमा जरूर वाचा, त्याला कुणाची हरकत नाही, पण तिलावत (कुरआन वाचणं) अरबी अक्षरातूनच. सुरुवातीला आधार म्हणून मराठीत लिहिलेली दुआ जवळ ठेवली तर ठीक आहे, पण पाच-पाच वर्षं तोच कागद घेऊन बसणारे लोक बघितले की फार वाईट वाटतं, कारण अक्षर-ओळख खरं तर एवढी अवघड नाहीये.

मराठी बोलणाऱ्यांच्या जास्त करून कुठल्या चुका होतात?

हा प्रश्न कुणी विचारला की बरं वाटतं, कारण पुस्तकातले नियम सगळ्या जगासाठी असतात, आपल्या तोंडाच्या सवयी मात्र आपल्याच असतात.

पहिली, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार लांबवणे. मराठीत शेवटचा इ-उ आपण दीर्घच बोलतो, लिहायचा नियमही तसाच आहे, त्यामुळं 'अल्हम्दु'चं 'अल्हम्दू' होतं, 'मालिकि'चं 'मालिकी', 'नअबुदु'चं 'नअबुदू'. अरबीत ज़ेर आणि पेश (इ आणि उ यांच्या खुणा) म्हणजे एक हरकत (एक छोटा ठोका), झटकन संपलं पाहिजे, लांबवलं तर तिथं जास्तीचं अक्षर तयार होतं. ही चूक एवढी पसरलीय की शिकवणाऱ्यांच्याही कानाला खटकत नाही.

दुसरी याच्या उलट, शेवटचा ज़बर ('अ'ची खूण) गिळून टाकणे. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' बोलतो, म्हणून 'इय्याक' असं मराठीत वाचणारा 'इय्याक्' म्हणून थांबतो, आणि 'अनअम्त'चा शेवटचा त अर्धाच राहतो. तिथं ज़बर पूर्ण उघडा आला पाहिजे, इय्या-क, अन्-अम्-त. 'अनअम्त' म्हणजे तू कृपा केलीस, त्याच 'त'ला पेश लावला तर अर्थ होतो मी कृपा केली. कोण कुणाला म्हणायलाय तेच फिरलं! आणि ज़बरचा उच्चार आपल्या 'अ'सारखा बंद-बंद नाही, तोंड उघडायचं, जवळपास आखूड 'आ'.

तिसरी, 'ह'ची जागा बदलणे. आपण ब्रह्मला ब्रम्ह म्हणतो, ब्राह्मणला ब्राम्हण, जिभेला तीच सवय लागलेली असते, मग 'रह्मान'चं 'रम्हान' होतं नाहीतर 'रहेमान'. अरबीत आधी 'ह' येऊन थांबतो, मग 'मा' सुरू होतो, रह्-मान. तसंच 'अल्हम्दु'मधला ल्ह कोल्हापूरच्या ल्हसारखा एकत्र नाही, आधी 'अल्' संपवा, मग 'हम्दु'.

चौथी, श्वासाचा झटका. आपला ख, थ, फ जोरात हवा सोडून बोलला जातो. अरबी ख़ घशातून घासत येतो. 'फ'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, दोन्ही ओठ मिटत नाहीत. आणि 'से' म्हणजे थ नव्हे न् स नव्हे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागतं आणि हवा हळूच निघते. वावला उलटं, तिथं दात कुठंच लागत नाहीत, ओठ गोल करायचे.

पाचवी, 'ज़'. मराठीत जरा, जग, जोर यातला 'ज' आहे ना, तो ज़च्या जवळ वाटतो पण त्याच्या आधी जीभ टाळूला चिकटते. खरा 'ज़े' न थांबता लांबवता येतो, माशी घोंगावावी तसा. लांबवून बघा, सुरुवातीलाच 'द'सारखं काही फुटलं तर समजा मराठी 'ज' आलाय.

आमच्या घरात सगळे क़लमला 'ख़लम' म्हणतात. नमाजमध्ये पण तसंच येतं, काय करू?

ही दखनीची खूण आहे, हैदराबादपासून औरंगाबादपर्यंत क़ाफचा ख़ होतो, क़ब्रस्तानचं ख़ब्रस्तान होतं. बोलण्यात काहीच वाईट नाही, आपली बोली आहे आणि गोड आहे, घरी खुशाल बोला. तिलावतमध्ये मात्र चालत नाही, कारण ख़े हे स्वतंत्र अक्षर आहे.

ओळखायची साधी परीक्षा अशी, ख़ लांबवता येतो, ख़्ख़्ख़् करत राहू शकता. क़ लांबवताच येत नाही, तो अडतो आणि फुटतो. जिभेचं अगदी मागचं मूळ, जिथं पडजीभ लोंबते तिथं, पूर्ण बंद करायचं आणि सोडायचं. आधी साधा 'क' म्हणा, जीभ कुठं लागली बघा, मग तोच धक्का मागं-मागं ढकलत न्या. 'अक़्, इक़्, उक़्' असं सकून (स्वर नसल्याची खूण) देऊन म्हटलं की लवकर पकडीत येतो, सुरुवातीला शब्दात घालायची घाई करू नका. आणि दखनीवाले ख़ म्हणतात म्हणून शहाणपणा करत साधा 'क' म्हणणारे पण आहेत, तेही चूकच, ते तर काफ झालं.

ऐन आणि 'ह' (हलवेवाला, म्हणजे मोठा ह) घशातून निघतच नाहीत, ओकारी आल्यासारखं होतं.

जोर लावायलात म्हणून. घशाचे तीन भाग धरतात, सगळ्यात खाली हमज़ा आणि छोटा ह, मध्ये ऐन आणि मोठा ह, वर ग़ैन आणि ख़े. ऐनसाठी 'आ' म्हणत राहा आणि म्हणता-म्हणता मधला घसा किंचित आवळा, आवाज चालूच ठेवायचा, तोडायचा नाही. तसाच आवळून आवाज काढून टाकला आणि नुसता श्वास सोडला की मोठा ह. दिवसातून थोडं-थोडं करा, घसा दुखला की थांबायचं.

एकूण मखरज (अक्षर निघायच्या जागा) १७ मानतात, ख़लील बिन अहमद आणि नंतर इब्नुल जज़री यांची मोजणी तीच. ते पाठ करत बसू नका. आपल्याला न येणारी अक्षरं आठ-दहाच असतात, तेवढ्यांवर बसा.

सूरह फातिहाच्या शेवटी वलज़्ज़ाल्लीन की वलद्दाल्लीन?

दोन्ही नाही. ज़्वाद हे सगळ्यात अवघड अक्षर, जिभेची कड वरच्या दाढांना लागून निघतं, 'ज़' म्हटलं तर ज़ेकडं जातं, 'द' म्हटलं तर दालकडं. कागदावर समजावता येणारच नाही, कारीसमोर (तजवीद शिकवणाऱ्यासमोर) बसून त्याचं तोंड बघूनच येतं. यावरून मशिदीत भांडणं होतात ती मात्र बंद झाली पाहिजेत. दोन्ही बाजूचे लोक आपल्या उस्तादांकडून जसं ऐकलं तसं म्हणतात. शिकत राहायचं, आणि नमाज होते की नाही हा मसअला असेल तर मुफ्तींना विचारायचा, चहाच्या टपरीवर नाही.

जाड अक्षरं म्हणजे काय? ओठ गोल करायचे का?

ओठांचा काहीही संबंध नाही, आणि ही चूक भल्याभल्यांची होते. ख़े, स्वाद, ज़्वाद, ग़ैन, तोय, क़ाफ, ज़ोय ही सात कायम जाड. जाडपणा जिभेचा मागचा भाग वर उचलल्यानं येतो. ओठ गोल केले की 'सिरात'चं 'सुरात' आणि 'समद'चं 'सोमद' ऐकू येतं.

नून साकिनचे (स्वर नसलेल्या नूनचे) नियम डोक्यात बसत नाहीत.

चारच आहेत, आणि त्यातलं थोडं तुम्ही रोज मराठीत करताच. अंबड कसं म्हणता? अम्बड. ब आला की अनुस्वाराचा म आपोआप होतो. हाच इक़्लाब, 'मिन् बअदि'चं 'मिम् बअदि', आपल्याकडच्या छपाईत तिथं बारीक मीमही दिलेला असतो. फक्त तो मीम घाईत संपवायचा नाही, दोन हरकतींएवढा गुन्ना करायचा, म्हणजे आवाज नाकात घुमवायचा.

घशाची सहा अक्षरं आली तर इज़्हार, नून स्वच्छ, लांबवायचा नाही. या, रा, मीम, लाम, वाव, नून आले तर इद्गाम, नून पुढच्यात मिसळतो, लाम आणि रा सोडून बाकी चारींत गुन्न्यासह. पण एकाच शब्दात असेल तर मिसळत नाही, म्हणून 'दुन्या' हा 'दुन्या'च राहतो.

राहिलेल्या १५ अक्षरांना इख्फा, आणि मराठी माणूस इथं हमखास फसतो. संसार, संशय असे शब्द आपण बोलतो तेव्हा अनुस्वारात बारीकसा 'व' घुसतो, जवळपास 'सौंसार'. तीच सवय 'इन्सान'मध्ये आली की 'इंव्सान' होतं. तिथं ओठ हलवायचेच नाहीत, जीभही नूनच्या जागी टेकवायची नाही, पुढच्या सीनची तयारी ठेवून आवाज नाकात धरायचा. आरशात बघून करा, ओठ जवळ आले की लगेच दिसतं.

मद (स्वर लांबवणं) किती ओढायचा? प्रत्येक जण वेगळा ओढतो.

साधा मद दोन हरकती, बस. 'जाआ'सारख्या शब्दात मदनंतर त्याच शब्दात हमज़ा आला तर चार-पाच. 'ज़ाल्लीन'मध्ये मदनंतर तश्दीद (अक्षर दुप्पट म्हणायची खूण) आहे, तो सहा. 'अलिफ लाम मीम'मध्ये लाम सहा, मीम सहा आणि अलिफला मद नाही, तो ओढू नका. आयतच्या शेवटी थांबता तिथं दोन, चार किंवा सहा चालतात, पण एक धरला की तोच शेवटपर्यंत. एका रकातमध्ये (नमाजच्या एका फेरीत) कधी दोन कधी सहा असं ऐकायला बरोबर वाटत नाही.

क़ल्क़ला म्हणजे फक्त झटका द्यायचा ना?

हलका. क़ाफ, तोय, बा, जीम, दाल यांच्यावर सकून आला की. सूरह इख्लासच्या चारही आयती दालवर संपतात आणि सूरह फलक़च्या पाचही आयती याच अक्षरांवर, म्हणून सराव तिथंच करा. आपले लोक एकतर 'अहद्' म्हणून दाल गिळतात नाहीतर 'अहदअ' म्हणून नवीन ज़बर जोडतात, दोन्हीच्या मधलं पाहिजे.

मोबाईलवर ऐकून शिकलं तर जमेल का? आमच्या गावात कारी नाहीत.

ऐकणं अर्धं काम करतं, आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे. मिसरचे (इजिप्तचे) कारी महमूद ख़लील अल-हुसरी यांची संथ तिलावत ऐका, पूर्ण कुरआनची पहिली मुरत्तल (संथ, स्पष्ट वाचनाची) रेकॉर्डिंग १९६१ मधली त्यांचीच. सुर्रकन वाचणारे, मोठमोठी आलापी घेणारे नंतर ऐका. एक आयत ऐकायची, थांबवायची, म्हणायची, आपलं रेकॉर्ड करून दोन्ही एकापाठोपाठ ऐकायचं.

पण आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून कुणीतरी ऐकणारं पाहिजेच. कुरआनचा उच्चार पहिल्यापासून तोंडातून तोंडात आलाय, आपल्याकडं जी वाचतात ती इमाम आसिम यांची हफ्सकडून आलेली रिवायत (वाचायची परंपरा) आहे आणि ती अशीच उस्तादासमोर बसून-बसून पोचली. गावात कोणी नसेल तर तालुक्याला आठवड्यातून एकदा जा, जिंतूर, सेलू, माजलगाव, अंबडसारख्या ठिकाणी मदरशात विचारलं तर शिकवणारं कुणी ना कुणी मिळतं. ऊसतोडीला गेलेली घरं व्हॉइस नोटवर सबक देतात, कौतुक आहे त्यांचं, दिवसभर कोयता चालवून रात्री कोपीत बसून आयत म्हणायची म्हणजे सोपं नाही. एवढंच ध्यानात ठेवा की फोनवर सीन, स्वाद आणि से यांच्यातला फरक धड येत नाही, गावी आल्यावर तेवढं समोर बसून तपासून घ्या.

बायकांनी कुठं शिकायचं?

बऱ्याच मोहल्ल्यांत ज़ुहर-असरच्या मधे आपा शिकवतात, चौकशी करा. नसेल तर चार-पाच जणींनी मिळून एखाद्या आलिमाला बोलवा. लेकरांना 'तुझं चुकलं' म्हणणारी अम्मीच असते, म्हणून अम्मीचा उच्चार सुधरला की अख्खं घर सुधरतं.

हजहून आणलेल्या कुरआनमधलं वाचताच येत नाही, वेगळा आहे का?

कुरआन तोच आहे, शब्दानं शब्द. लिहायची पद्धत वेगळी. आपल्याकडच्या छपाईत खडा ज़बर, खडी ज़ेर, उलटा पेश अशा खुणा भरपूर, थांबायच्या जागांच्या खुणाही जास्त. तिकडच्या छपाईत काही ठिकाणी बारीक वाव-या असतात, काही ठिकाणी सकूनच दिसत नाही कारण तिथं इद्गाम आहे. शिकेपर्यंत एकाच छपाईतून वाचा.

वय ५५ झालंय, जीभ वळत नाही. आता काय उपयोग?

बुख़ारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये हज़रत आयशा (रज़ि.) यांच्याकडून हदीस आहे, जो अडखळत, कष्टानं कुरआन वाचतो त्याला दुहेरी सवाब. म्हणजे अडखळणाऱ्याला आधीच जागा करून ठेवलीय. वय झालेल्या लोकांची खरी अडचण जीभ नसून लाज असते, नातवाच्या वयाच्या हाफिजजींपुढं बसायची लाज. बसा हो. मन लावून सगळ्यात जास्त तुम्हीच शिकता.

लेकरांना कधीपासून, आणि मारून शिकवतात ते बरोबर का?

पाच-सहा वर्षांपासून नूरानी कायदा. आधी हिज्जे करून (अक्षरं जोडत), मग रवां (सलग). आणि मारणं अजिबात बरोबर नाही, हे स्पष्ट सांगते. घाबरलेल्या लेकराचा घसा आवळतो, आवाज बारीक होतो, ऐन काय निघणार त्याच्यातून? आणि मोठं झाल्यावर ते कुरआन उघडताना छडी आठवतं. उस्ताद मारत असतील तर अदबीनं बोला, ऐकलं नाही तर मकतब बदला.

इमामसाहेबांचा उच्चार चुकतोय असं वाटतं, बोलू का?

आधी स्वतःची खात्री करा, तुमच्या कारींना विचारा. अर्थ बदलणारी चूक वेगळी (तिला लह्ने जली म्हणतात) आणि गुन्ना थोडा कमी झाला ही वेगळी, ती लह्ने ख़फी. दुसऱ्या प्रकारासाठी कुणाला छेडू नका. पहिल्या प्रकारची असेल तर एकट्यात, सलाम करून, जमातीपुढं नाही.

लहानपणापासून चुकीचं पाठ झालंय. कुठून सुरुवात करू?

सूरह फातिहापासून, आणि ती पूर्ण होईपर्यंत दुसरं काही नाही. रोज प्रत्येक रकातमध्ये तीच म्हणता. बिस्मिल्लाह धरून तिच्यात १४ तश्दीद आहेत, पेन्सिल घेऊन एकेक मोजा आणि बघा तुम्ही किती म्हणता, बहुतेकांच्या दोन्ही 'इय्याक'मधल्या गळतात. पाठ आहे म्हणून न बघता म्हणू नका, मुसहफ (छापील कुरआन) समोर ठेवून बोट फिरवत, नवीन असल्यासारखी वाचा, जुनी सवय डोळे मिटले की परत येते. एक आयत उस्तादांनी पास केली की मगच पुढची. फातिहानंतर नास, फलक़, इख्लास अशा उलट्या क्रमानं अम्मा पारा (कुरआनचा शेवटचा भाग), आणि अत्तहिय्यात, दरूद विसरू नका, त्यांच्याकडं कुणीच बघत नाही. नमाजमध्ये काही दिवस जुनं आणि नवं मिसळेल, गोंधळ होईल, हळू म्हणा. हळू म्हणायचा हुकूम तर सूरह मुज़्ज़म्मिलच्या चौथ्या आयतीतच आहे.